‘ध’च्या रांगेत

नलू, संत्र्याची साल सोलताना उडणारा तो बारीक, झोंबरा तुषार आणि त्याच्या आड छपाईयंत्राच्या फितीची तेलकट शाई, हे दोन वास माझ्या मनात इतकी वर्षं एकच वास म्हणून राहिले होते. तो तुझ्या पिशवीतून यायचा. पांढुर्ण्याहून नागपूरला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये तू सकाळी संत्री सोलायचीस, संध्याकाळी परतताना पुन्हा सोलायचीस, आणि मधला सारा दिवस त्याच बोटांनी कॉम्प्युटरच्या कळा दाबायचीस. कडेला भोकं पाडलेले ते लांब घडीचे कागद तू माझ्या टेबलावर पसरलेस की खोलीत बाग आणि कारखाना एकदमच शिरत. काल तुझ्या ऑफिसातून तसेच कागद आले. उलगडण्याआधी मी ते नाकाशी धरले. नुसत्या शाईचा वास आला. तू गेलीस हे तेराव्याच्या पंगतीत मला जेवढं कळलं नव्हतं, तेवढं त्या कागदांपाशी कळलं.

नागपूरच्या वसतिगृहात आपली खोली एक होती. खिडकीकडची खाट गणिताची, दाराकडची कवितेची. मी कविता मोठ्यानं वाचू लागले की तू पांघरुणातून विचारायचीस, “झाली का सिद्ध?” मी उशी फेकायची. पुढे लग्न करून मी सौंसरला आले, तू पांढुर्ण्याला आईजवळ राहून नागपूरची नोकरी धरलीस. माझा नवरा मनोहर गेल्यावर साऱ्या गावाचा आवाज माझ्यापुरता हळू झाला. शाळेत शिक्षिका माझ्याशी दबकून बोलत, दुकानदार पुडी बांधतानाही सुतळी हलक्या हातानं ओढी, जणू मोठ्या आवाजानं मी तडकेन. तू मात्र रविवारच्या बसनं उतरायचीस आणि फाटकातूनच ओरडायचीस, “काय वं मालू, जित्ती हायेस का?” शेजारच्या घरात भांडी थांबायची. आणि मला त्या आठवड्यात पहिल्यांदा हसू यायचं.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्या हाकेसाठी मी शनिवारपासून घर झाडत असे.

मग तुझ्या ऑफिसात ते नवं काम आलं. युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं तुमचं मोठं यंत्र. त्यावर मराठी अक्षरं उमटू लागली होती, पण त्यांची रांग कशी लावायची हे त्याला ठाऊक नव्हतं. तू मला माझ्याच स्वयंपाकघरात, तांदूळ निवडता निवडता समजावून दिलंस. यंत्राला अक्षर दिसत नाही. प्रत्येक अक्षराचा एक आकडा असतो आणि आकड्याप्रमाणे ते नावं लावत जातं. इंग्रजीची रांग आयती बसलेली. आपली कोणीतरी लिहून द्यायची होती: कोणतं अक्षर कोणाच्या आधी, कोणत्या जोडाक्षराला एकच अक्षर मानायचं, आणि कोणत्या खुणेकडे रांग लावताना पाहायचंच नाही. एका फायलीत हे नियम ओळीनं मांडायचे, एका आज्ञेनं ते यंत्राला पचतील असे बांधायचे, आणि मग त्याला बजावायचं, की आता इथल्या रीतीनं चाल.

“म्हणजे त्याला त्याचं गाव सांगायचं,” मी म्हटलं.

“बराबर. नाही सांगितलं तं ते साऱ्यांले अमेरिकेचंच समजून राहते.”

तू मला या कामात ओढलंस, कारण तुला मराठीची बाई हवी होती असं तू म्हणालीस. मला वाटतं, तुला माझे रविवार भरायचे होते. आपण ‘ळ’ला त्याच्या जागी नेलं. यंत्राच्या आकड्यांत तो ‘ल’ला खेटून बसला होता, मी सांगितलं, लहानपणी घोकलेल्या मुळाक्षरांत तो ‘ह’च्या नंतर येतो, मग ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. तू ओळ खोडून नवी लिहिलीस आणि म्हणालीस, “बिचारा ळ. आपल्या राजधानीच्या नावात हाये, अन् राजधानीवाल्यांनी त्याले कधी लिहिलंच नाही.” हिंदी राज्यात मराठी बोलणाऱ्या आपल्या दोन गावांची सारी कहाणी त्या एका वाक्यात होती, आणि तू मात्र तांदळातला खडा वेचत होतीस.

नियम तपासायला तुला खरी नावं हवी होती. मी सायंकाळी ज्या वाचनालयाचं काम बघते, तिथल्या आजीव सभासदांची नावं तुला दिली. आमच्या वाचनालयाची रीत तुला ठाऊक होती, तूही सभासदच होतीस: माणूस गेला तरी त्याचं नाव खोडत नाहीत. आधीची उपाधी पुसतात आणि ‘कै.’ लावतात. तू सारी नावं यंत्रात भरलीस, जशी आपण सांगतो तशी, आधी उपाधी, मग आडनाव, मग नाव. पहिली छपाई घेऊन तू आलीस ती फाटकापासून हसतच.

“पाह्य, मालू, पाह्य! आख्खं सौंसर कसं वाटून टाकलं यानं!”

यंत्रानं नेमानं पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली होती. आणि आपल्याकडे कोणत्याही नावाचं पहिलं अक्षर त्या नावाचं नसतंच. सारे पुरुष ‘श्री.’ म्हणून ‘श’मध्ये गोळा झाले होते, सवाष्णी ‘सौ.’ म्हणून ‘स’मध्ये. मी ‘श्रीमती’, म्हणून पुरुषांची फौज संपल्यावर शेपटाला. आणि ‘क’मध्ये?

“आम्ही कुमारिका, अन् लगोलग कैलासवासी. ‘कु’ सरला का ‘कै’. मधात भिंतसुद्धा नाही.” तू डोळे पुसत होतीस हसून हसून. “माझी माय हेच सांगून राहिली इतके वर्स, का लग्न नाही केलं तं काय होते. मशीनले समजलं, मलेच नाही समजलं.”

मीही हसले. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या त्या खोलीच्या कौलांत कुठेतरी अडकून आहे. तुझ्याशिवाय तो खाली उतरत नाही.

उपाय सोपा होता. तुझ्या नियमांच्या फायलीत अशी सोय होती, की अमुक अक्षरांच्या जागी, रांग लावण्यापुरतं, काहीच नाही असं समज. छापताना ती अक्षरं जशीच्या तशी राहतात; नुसती जागा ठरवताना यंत्र त्यांच्याकडे बघत नाही. दोन नावं अगदी हुबेहूब निघाली, तरच मग उपाधी पाहायची. ‘श्री.’ वगळली, ‘सौ.’ वगळली, ‘कु.’ वगळताना तू कपाळाला हात लावून नमस्कार केलास, ‘श्रीमती’ वगळली. मग तुझं पेन ‘कै.’पाशी आलं, आणि मी म्हटलं, “ते नको.”

तू मान वर केलीस.

मी कारणं दिली. चांगली कारणं होती, घडवून बोललेली. गेलेल्यांचा मान वेगळा असतो, त्यांचं एक स्वतंत्र पान असावं, जिवंतांच्या गर्दीत त्यांना उभं करू नये. तू ऐकून घेतलंस, पेनचं टोपण लावलंस आणि पुढच्या शनिवारी जामसांवलीला जायचं का, एवढंच विचारलंस. काकूंना, म्हणजे तुझ्या आईला, तिथल्या निजलेल्या मारुतीचं दर्शन घ्यायचं होतं.

आपलं भांडण त्या दर्शनाच्या रांगेत झालं, नलू. शेंदराचा आणि तेलाचा ओलसर वास, पायांखाली नारळाच्या शेंड्या, पुढे मागे माणसं, आणि काकू आपल्या दोघींच्या मध्ये फुलांची पुडी सांभाळत.

“लोक नाव शोधाले येतात, मालू. ज्याले जिथं शोधतील तिथं तो सापडला पाहिजे. बस.”

“माणूस गेला की त्याची रांग बदलते.”

“कोनं सांगितलं?”

“मी सांगून राहिले.”

“तू नाही सांगून राहिली. तुझं दुखणं सांगून राहिलं.”

“चूप बसा वं दोघी,” काकू वळून म्हणाल्या. “देव निजून हाये तिथं. त्याले उठवता का काय?”

रांगेतले चार लोक हसले. तू हसली नाहीस. तू माझ्या कानाशी आलीस, संत्र्याचा वास आला, आणि तू हळू बोललीस. आयुष्यात पहिल्यांदा तूही माझ्याशी हळू बोललीस.

“मनोहरले दूरच्या पानावर नेऊन ठेवशील, तं तिथं अनोळखी लोकांत तो एकटा नाही पडन?”

तुला सारं दिसलं होतं. ‘कै.’ वगळलं, की ‘भ’मध्ये ‘भोयर मनोहर’ येणार आणि त्याच्या लगेच खाली ‘भोयर मालती’. रोज सायंकाळी मी तेच पान उघडणार, कोणाला पुस्तक देताना, कोणाचं नाव पडताळताना. आणि रोज त्या ओळीवर माझी नजर ठेचकाळणार. मला तो एका बंद पानात हवा होता, जे मी ठरवीन तेव्हाच उघडेन. मी रांगेत एक पाऊल पुढे सरकले. प्रसादाचं खोबरं आपण तिघींनी वाटून खाल्लं. बसमध्ये मी खिडकी घेतली आणि सौंसर येईपर्यंत कपाशीची शेतं बघत राहिले, जणू ती मला कोणी मोजायला सांगितली होती.

त्यानंतरही तू रविवारी येत राहिलीस. तीच हाक, तशीच मोठी. आपण लोणच्याबद्दल बोललो, शाळेतल्या नव्या हेडमास्तरांबद्दल बोललो. एकदा जाताना चपला घालता घालता तू म्हणालीस, “तो नियम बाकी हाये बरं.” मी म्हटलं, “पाहू.”

‘पाहू’ हा शब्द मी नंतर कितीदा तोंडात घोळवला. त्याला चव नाही.

तुझा ताप उतरेना तेव्हा मी दवाखान्यात आले. तुझ्या उशाशी संत्री होती, कोणीतरी घरच्या बागेतली आणलेली. मी एक सोलून फोड तुझ्या ओठांशी धरली. तू खाल्ली नाहीस, नुसती माझी बोटं नाकाजवळ घेऊन थांबलीस. मला तेव्हा सांगायचं होतं. नियमाबद्दल, मनोहरबद्दल, त्या हाकेबद्दल, शनिवारच्या झाडूबद्दल. तू डोळे मिटून म्हणालीस, “खिडकी लाव वं, ऊन येऊन राहिलं.” मी खिडकी लावली. मागं वळले तेव्हा तुला झोप लागली होती, आणि मी तुला उठवलं नाही. झोपलेल्याला उठवू नये असं काकूंनी सांगितलं होतं ना.

तेराव्यानंतर तुझ्या साहेबांचा निरोप आला, एकदा नागपूरला येऊन जा. मी सौंसरहून थेट बसनं जाऊ शकत होते. पण मी आदल्या दिवशी पांढुर्ण्याला काकूंकडे मुक्काम केला आणि सकाळी तुझ्या पॅसेंजरला गेले. बायकांच्या डब्यात तुझ्या रोजच्या सोबतिणी होत्या, शिक्षिका, परिचारिका, एक तारऑफिसातली. डबा गच्च होता आणि खिडकीजवळची एक जागा रिकामी होती. त्यावर एक घडी केलेला रुमाल ठेवला होता. मी उभीच राहिले. मग त्यांच्यातली एक थोराड बाई म्हणाली, “तुम्ही मालू ना? बसा. ती जागा आम्ही आणखी कोनाले देत नाही आता.” मी रुमाल उचलून मांडीवर घेतला आणि बसले. कोणीतरी संत्रं सोललं. नागपूर येईपर्यंत मी खिडकीच्या गजांना धरून राहिले.

तुझ्या साहेबांनी मला तुझ्याच खुर्चीत बसवलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. “धोटेबाईंनी सगळं बांधून ठेवलंय,” ते म्हणाले. “एकच नियम बाकी ठेवला. मी म्हटलं, अहो, टाका ना तुम्हाला वाटेल तसा, कोण बघतो. तर म्हणाल्या, ते मालूचं आहे. ती सांगेल तेव्हा.”

नलू, एका ओळीचं काम होतं. तुझ्या हाताखाली यंत्र होतं, तुझं म्हणणं बरोबर होतं, आणि मी सौंसरात बसून ‘पाहू’ म्हणत होते. तू ती ओळ लिहिली नाहीस. एवढी हट्टी तू, रिक्षावाल्याशी, तिकीट-बाबूशी, साक्षात मारुतीच्या दारात माझ्याशी भांडणारी. पण माझ्या दुखण्याच्या आत यंत्राच्या आज्ञेनं शिरायचं नाही, हे तू ठरवलं होतंस. ही माया मला तेव्हा कळली, जेव्हा तिचे आभार मानायला समोर नुसती खुर्ची होती आणि त्या खुर्चीत मीच बसले होते.

साहेब म्हणाले, “वाचनालयाच्या यादीत बाईंच्या नावाला मी ‘कै.’ केलं, तुमच्या रीतीप्रमाणे. आता कसं दिसतं बघा.”

पडद्यावर नावं चढत गेली. मी ‘ध’शी थांबायला सांगितलं. तुझ्या आधी असायचे ते धुर्वे. त्यांच्यामागे तू होतीस, ‘कु.’ वगळल्या दिवसापासून. आता धुर्व्यांच्या पाठोपाठ लगेच नंदनवार आले होते. ‘ध’ संपला होता. तुझ्या जागी फटसुद्धा राहिली नव्हती. ओळ ओळीला अशी चिकटली होती की तू तिथे कधी होतीस याचा मागमूस दिसेना. आणि वर, कितीतरी वर, ‘क’मध्ये, मी ज्यांना मान म्हणून वेगळं काढलं होतं त्या गर्दीत, कोण्या मालगुजार आजोबांच्या आणि कोण्या वकिलांच्या मध्ये तू उभी होतीस. त्यातला एकही माणूस तुला ओळखत नव्हता. तुझ्या नावानं तुला शोधायला कोणी तिथे गेलं नसतं.

मनोहरही तिथेच होता. मीच त्याला तिथे ठेवला होता.

“काय करायचं?” साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, “वगळा. ‘कै.’ पण वगळा. छापताना राहू द्या, रांग लावताना नको.”

त्यांनी तुझ्या फायलीत ओळ घातली, आज्ञा दिली. यंत्र थोडं घुमलं. मला वाटलं काहीतरी होईल, दिवे कमी होतील, काहीतरी. काही झालं नाही. नावं परत चढू लागली, आणि मी पाहिलं नाही. “छापून पाठवा,” म्हणून उठले.

ते कागद काल आले. मी दार लावून घेतलं आणि तुझ्याआधी ‘भ’ काढला. तुला राग येणार नाही. ‘कै. भोयर मनोहर.’ त्याच्या खाली ‘श्रीमती भोयर मालती’. ज्या ओळीची मला इतकी भीती होती, ती अशी दिसते: आमच्या लग्नपत्रिकेवर अशीच दोन नावं एकाखाली एक होती, ठशाच्या जाड अक्षरांत. मी बोट ठेवलं तर ते दोन्ही नावांना एकदम लागलं, इतकी ती जवळ आहेत. त्याच्या आधीचं ‘कै.’ कोणी पुसलेलं नाही. तो गेला आहे, हे तिथे लिहिलेलंच आहे. पण तो माझ्या शेजारी आहे. तू रांगेत एवढंच सांगत होतीस. उठले तेव्हा बाहेर म्हशी परतत होत्या आणि चुलीचा धूर सुटला होता.

आज रविवार. बसची वेळ झाली तेव्हा मी फाटकाकडे पाठ करून बसले होते. फाटक वाजलं. हाक आली नाही. वळून बघते तर काकू. एकट्या, तुझी पिशवी खांद्याला लावून.

पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “मालती, तिथलं तिचं नाव काहाडलं असंन ना आता?”

“नाही काकू. आपल्याकडे काढत नाहीत.”

“मंग दाव मले.”

वाचनालय सकाळीच उघडून मी नवी यादी भिंतीवर लावली होती. मी काकूंना तिथे घेऊन गेले, आणि त्या यादीसमोर उभ्या राहिल्या. मी पुढे होऊन बोट दाखवणार, तोच त्यांनी माझा हात धरून खाली केला. “थांब. माही पोरगी हाये, मी पाह्यते.” दोऱ्यानं बांधलेला चष्मा त्यांनी नाकावर दाबला. चौथीच्या पुढे त्या शिकल्या नाहीत, आणि वर्षानुवर्षं काही वाचलंही नसेल. पण मान हलवत, लहानपणच्या शाळेच्या चालीवर त्या पुटपुटू लागल्या, क ख ग घ, च छ ज झ. त्यांचं बोट त्या चालीबरोबर कागदावरून उतरत होतं आणि यादी त्याच्याबरोबर उतरत होती, एका अक्षराचीही चूक न होता. तू आणि मी तांदूळ निवडत लावलेली ती रांग, नलू. ट ठ ड ढ. ‘क’वरून त्या सरळ पुढे गेल्या होत्या, तिथे त्यांना काही शोधायचं नव्हतं. त थ द. ध. बोट धुर्व्यांवरून खाली सरकलं आणि थांबलं. पिशवी खांद्यावरून घसरली, ती त्यांनी उचलली नाही. कागदावरचं बोट न हलवता त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि म्हणाल्या,

“सापडली.”